साखर, साबुदाणा आणि कापूस : तिन्हींत ग्लुकोज असूनही गुणधर्म इतके वेगळे का?

शेवंती (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी बारावीला, विज्ञान शाखेत आहे. जैवरेणूंचे प्रकरण वाचताना तिला पडलेल्या एका प्रश्नावर आम्हा दोघींचे समाधान होईना, म्हणून तो येथे मांडते.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तिने ग्लुकोजच्या द्रावणात बेनेडिक्टचे निळे द्रावण घालून परीक्षानळी उकळत्या पाण्यात ठेवली, तेव्हा काही मिनिटांत विटकरी लाल साका तळाशी बसला. नेहमीच्या साखरेच्या द्रावणाचा रंग मात्र शेवटपर्यंत निळाच राहिला. तीच साखर लिंबाचा रस घालून थोडा वेळ उकळली आणि मग चाचणी घेतली, तर लाल साका आला. साबुदाण्याच्या पेजेला बेनेडिक्टने काहीच झाले नाही, पण आयोडीनचा थेंब पडताच ती गडद निळी झाली. कापसाच्या बोळ्यावर दोन्हींचा काही परिणाम दिसला नाही.

पुस्तक सांगते की साखरेच्या रेणूत अर्धा भाग ग्लुकोजचा असतो, आणि साबुदाण्यातले स्टार्च व कापसातले सेल्युलोज तर संपूर्णपणे ग्लुकोजचेच बनलेले असते. तसे असेल, तर साखरेतले आणि साबुदाण्यातले ग्लुकोज बेनेडिक्टच्या द्रावणाला का सापडत नाही? शिवाय साबुदाणा आपण खातो आणि कापूस खाऊ शकत नाही, हा फरक नेमका कशामुळे पडतो? कर्बोदके म्हणजे काय, येथपासून कोणी नीट समजावून सांगितले तर उपकार होतील.

परीक्षानळी

शेवंतीताई, आपल्या कन्येने प्रयोगांचा जो क्रम लावला आहे, त्यातच उत्तराचा बराचसा भाग आलेला आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे या प्रकरणात विद्यार्थी सूत्रे पाठ करतात, पण रेणूंमधील जोडणीकडे पाहत नाहीत. कर्बोदकांच्या बाबतीत मात्र अणू कोणते आहेत यापेक्षा ते कोठे आणि कोणत्या दिशेने जोडलेले आहेत, यावरच जवळजवळ सारे काही ठरते.

ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण पाण्यातल्याप्रमाणेच २:१ असल्यामुळे एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी या संयुगांना कार्बन आणि पाणी यांचा संयोग मानले. ही कल्पना टिकली नाही. डीएनएमधील डीऑक्सिरायबोज ही साखर त्या प्रमाणात बसत नाही, आणि व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल किंवा दह्यातील लॅक्टिक आम्ल त्या प्रमाणात अगदी चपखल बसत असूनही कर्बोदक नाही. म्हणून आज आपण असे म्हणतो की ज्या रेणूत अनेक हायड्रॉक्सिल (OH) गट असून त्याबरोबर एक अल्डिहाइड (CHO) किंवा कीटोन (CO) गट असतो, ते संयुग, तसेच ज्यांचे जलअपघटन केल्यावर, म्हणजे पाण्याच्या साहाय्याने बंध तोडल्यावर, असे रेणू मिळतात ती सर्व संयुगे, म्हणजे कर्बोदके होत.

आता ग्लुकोजचाच रेणू जवळून पाहू. सहा कार्बनची एक साखळी आहे, पहिल्या कार्बनवर अल्डिहाइड गट आहे आणि उरलेल्या पाचही कार्बनवर एकेक हायड्रॉक्सिल गट आहे. दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा हे चार कार्बन असे आहेत की त्यांच्यावरील हायड्रॉक्सिल गट दोनपैकी कोणत्याही बाजूला असू शकतो. त्यामुळे त्याच अणूंपासून आणि त्याच क्रमाने एकूण १६ निरनिराळ्या साखरा संभवतात. ग्लुकोज ही त्यांपैकी एक. फक्त चौथ्या कार्बनवरील दिशा बदलली की गॅलॅक्टोज होते आणि फक्त दुसऱ्यावरील बदलली की मॅनोज. यांतील ग्लुकोजची रचना कोणती, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये निव्वळ रासायनिक अभिक्रिया आणि तर्क यांच्या बळावर निश्चित केले. त्या काळी रेणूची खरी डावी-उजवी बाजू पाहण्याचे कोणतेही साधन नव्हते, म्हणून त्यांनी दोन शक्यतांपैकी एक गृहीत धरली, आणि ती बरोबर असल्याचे १९५१ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने डच शास्त्रज्ञ बायफूट यांनी दाखवून दिले. फिशर यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते साखरा आणि प्युरीन यांच्या संश्लेषणासाठी. मला हे काम रसायनशास्त्रातील सर्वांत सुंदर कामांपैकी एक वाटते, आणि विद्यार्थ्यांना ते केवळ एका ओळीत सांगितले जाते याचे वाईट वाटते.

पाण्यात मात्र ग्लुकोज सरळ साखळीच्या रूपात फारसे राहत नाही. पाचव्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गट वळून पहिल्या कार्बनवरील अल्डिहाइडशी जोडला जातो आणि सहा अणूंचे कडे तयार होते. या जोडणीत पहिल्या कार्बनवर एक नवा हायड्रॉक्सिल गट तयार होतो. नेहमीच्या आकृतीत तो कड्याच्या खालच्या बाजूस असेल तर त्या रूपाला अल्फा म्हणतात, वरच्या बाजूस असेल तर बीटा. पाण्यात ही कडी सतत उघडत आणि मिटत असतात. समतोल साधल्यावर सुमारे ३६ टक्के रेणू अल्फा रूपात आणि ६४ टक्के बीटा रूपात असतात, तर सरळ साखळीच्या रूपातील रेणू एक टक्क्याहूनही पुष्कळच कमी असतात.

बेनेडिक्टच्या द्रावणातील निळे कॉपर आयन या उघड्या रूपाशीच अभिक्रिया करतात. अल्डिहाइड इलेक्ट्रॉन देते, म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण होते, कॉपर ते घेते, म्हणजे त्याचे क्षपण होते आणि क्युप्रस ऑक्साइडचा विटकरी साका खाली बसतो. उघडे रेणू खर्ची पडले की समतोल राखण्यासाठी आणखी कडी उघडतात, आणि अशा रीतीने ही अत्यल्प मात्रा पुन्हा पुन्हा भरून निघत असल्यामुळे अभिक्रिया पुढे चालू राहते.

साखरेत, म्हणजे सुक्रोजमध्ये, नेमका हाच मार्ग बंद झालेला असतो. ग्लुकोजचा पहिला कार्बन आणि रेणूचा उरलेला अर्धा भाग असलेल्या फ्रुक्टोज या साखरेचा दुसरा कार्बन हे दोघेही एकाच ऑक्सिजनने एकमेकांना जोडलेले असतात. ज्या कार्बनवर कडे उघडू शकले असते, तेच दोन कार्बन बंधात गुंतल्यामुळे दोन्हींपैकी एकही कडे उघडत नाही. ग्लुकोज तेथे आहे, पण त्याचा अल्डिहाइड गट कधीच मोकळा होत नाही. आम्लात उकळल्यावर त्या जोडणीतील ऑक्सिजनला हायड्रोजन आयन चिकटतो, बंध तुटतो, पाण्याचा एक रेणू आत येतो आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज सुटे होतात. फ्रुक्टोजमध्ये अल्डिहाइड नसून कीटोन असला, तरी बेनेडिक्टच्या अल्कधर्मी द्रावणात त्याचे काही प्रमाणात अल्डिहाइड असलेल्या साखरांत रूपांतर होते, त्यामुळे तोही चाचणी देतो.

साबुदाण्याचेही उत्तर येथेच आहे. स्टार्चच्या साखळीत प्रत्येक ग्लुकोजचा पहिला कार्बन शेजारच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनशी जोडलेला असतो. शेकडो-हजारो ग्लुकोजच्या त्या रेणूत मोकळे टोक एकच उरते, आणि ते इतक्या मोठ्या रेणूमागे नगण्य ठरते.

प्रयोगाबाबत दोन सूचना. लिंबाच्या रसात स्वतःचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज थोडे असतातच, म्हणून साखर न घालता केवळ लिंबाचा रस उकळून त्याचीही चाचणी घ्यावी, अन्यथा लाल रंग कोणामुळे आला हे सांगता येणार नाही. शिक्षकांच्या देखरेखीखाली विरल हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले तर हा घोटाळा मुळातच टळतो. दुसरे असे की बेनेडिक्टच्या द्रावणाला अल्कधर्मी माध्यम लागते. म्हणून आम्लात उकळलेल्या साखरेत आधी फेस यायचा थांबेपर्यंत चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा घालावा आणि मगच चाचणी करावी.

कृष्णाकाठ

परीक्षानळी सरांनी सांगितलेला तो एक बंध तुटू नये, एवढ्यासाठी आमचा सारा कारखाना राबत असतो, म्हणून थोडे लिहितो. मी सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो.

ऊस तोडला की त्याच्यातले आणि त्याच्यावर वाढणाऱ्या जंतूंचे विकर (एन्झाइम) सुक्रोज फोडू लागतात. वाढ्याचा शेंडा, उन्हात पडून राहिलेला ऊस किंवा जळीत ऊस गव्हाणीत आला की रसातील सुक्रोज कमी आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त असे चित्र दिसते. सुटे झालेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची दाणेदार साखर होत नाही, उलट ते सुक्रोजचे स्फटिक होण्यातही अडथळा आणतात आणि शेवटी मळीत निघून जातात. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा असा आमचा आग्रह असतो, तो याचसाठी.

रस मुळातच किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा (७ म्हणजे उदासीन), साधारण ५.२ ते ५.५ असतो. असाच रस उकळत ठेवला तर शेवंतीताईंच्या मुलीने लिंबाने जे केले, तेच आमच्या टाक्यांत होईल. म्हणून चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर यांच्या साहाय्याने पीएच ७ च्या आसपास आणला जातो. चुना जास्त झाला तरी नुकसानच होते, कारण अल्कधर्मी गरम रसात सुट्या साखरा विघटित होऊन रंग काळपट होतो. पुढे पाक आटवायचा तो निर्वात पॅनमध्ये, म्हणजे तो ६०-७० अंशांच्या आसपास उकळतो आणि बंध टिकून राहतो.

साखर मोजण्याची आमची रीतही या रेणूंच्या डाव्या-उजव्या रचनेवरच उभी आहे. शुद्ध सुक्रोजचे द्रावण ध्रुवीकृत प्रकाशाची, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशाची, पातळी उजवीकडे फिरवते आणि सुक्रोजचे विशिष्ट वलन (ठरावीक परिस्थितीत पातळी किती फिरते त्याचे माप) +६६.५ अंश असते. ग्लुकोजचे +५२.७ असते, पण फ्रुक्टोजचे सुमारे −९२ असल्यामुळे दोहोंचे समभाग मिश्रण प्रकाश डावीकडे, जवळपास −२० अंश, फिरवते. बंध तुटत गेला की हे वलन मोजणाऱ्या पोलरीमीटरचा आकडा शून्याकडे आणि मग शून्याच्या पलीकडे सरकताना दिसतो. यालाच आम्ही इन्व्हर्शन म्हणतो. २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर द्रावण केले आणि ते २०० मिलिमीटर लांबीच्या नळीतून पाहिले की यंत्रावर बरोबर १०० आकडा येतो, आणि रसाचा 'पोल', म्हणजे त्यातील सुक्रोजचे अंदाजी प्रमाण, त्या मापाने काढला जातो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू वाढतात आणि सुक्रोजमधील ग्लुकोज उचलून त्याची डेक्स्ट्रान नावाची लांब साखळी बनवतात. तीही केवळ ग्लुकोजचीच, परंतु जोडणी मुख्यतः पहिल्या आणि सहाव्या कार्बनमध्ये. तिच्यामुळे रस बुळबुळीत होतो, गाळणे अवघड होते, साखरेचे दाणे लांबट होतात, आणि ती सुक्रोजच्या जवळजवळ तिप्पट प्रकाश उजवीकडे फिरवत असल्यामुळे खराब उसाचा पोल प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो. केवळ आकड्यावर विसंबणाऱ्याची यात फसगत होते.

गुऱ्हाळातही हेच शास्त्र चालते. रस आंबट असला की गूळ नीट बसत नाही, ढेप चिकट राहते. काकवीसाठी मात्र थोडे इन्व्हर्शन हवेच असते, म्हणून काहीजण तिच्यात मुद्दाम सायट्रिक आम्ल घालतात, म्हणजे बाटलीत खडे धरत नाहीत. मिठाईच्या पाकात लिंबू पिळतात तेही याचसाठी. आमच्या भागात रसातली घाण वर आणण्यासाठी काहिलीत रानभेंडीचा चिकट द्राव घालण्याची पद्धत आहे. तो चिकटपणाही एका कर्बोदकाचाच, फक्त त्याच्या साखळीत ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज, ऱ्हॅम्नोज आणि गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल यांचे घटक असतात.

शेवंती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. केवळ लिंबाच्या रसाची चाचणी घेण्याची सूचना मुलीने लगेच वहीत टिपून घेतली आहे. साबुदाणा आणि कापूस यांच्यातील फरक मात्र अजून उलगडला नाही. दोन्हींमध्ये पहिला आणि चौथा कार्बनच जोडलेले असतात, असे तिच्या पुस्तकात दिले आहे.

जोंधळा

ताई, पुस्तकातील विधान बरोबर आहे, पण त्यात अल्फा आणि बीटा हे शब्द आहेत का ते पाहावे. माझा विषय अन्नतंत्रज्ञान आहे, आणि माझ्या मते सबंध कर्बोदकांच्या रसायनशास्त्रात याहून मोठ्या परिणामाचा लहान फरक दुसरा नाही.

स्टार्चमध्ये ही जोडणी अल्फा प्रकारची असते. त्या जोडणीमुळे प्रत्येक पुढचे ग्लुकोज मागच्याशी थोडे वळून बसते आणि सबंध साखळी मळसूत्रासारखी गुंडाळत जाते. एका वेढ्यात साधारण सहा ग्लुकोज असतात. आयोडीनचे अणू या वेढ्यांच्या आतील पोकळीत रांगेने बसतात आणि त्यामुळेच गडद निळा रंग दिसतो. मुलीला सांगा की ती निळी पेज गरम करून पाहावी. रंग फिका होऊन जाईल, कारण उष्णतेने वेढे सैल होतात, आणि पेज थंड झाली की रंग पुन्हा येईल.

सेल्युलोजमध्ये तीच जोडणी बीटा प्रकारची असते. तेथे प्रत्येक ग्लुकोज शेजारच्याच्या तुलनेत १८० अंशांनी उलटे बसते, त्यामुळे साखळी वळत नाही, सरळ पट्टीसारखी राहते. अशा अनेक साखळ्या एकमेकींना लागून असंख्य हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधल्या जातात आणि त्यांच्यामध्ये पाणी सहज शिरू शकत नाही. कापसाच्या धाग्याला बळ येते ते यातून. वेढेच नसल्यामुळे आयोडीनला बसायला जागा नाही, म्हणून बोळा निळा झाला नाही. नव्या, खळ दिलेल्या सुती कापडाचा तुकडा घेतला तर तो मात्र निळा होईल, कारण खळ स्टार्चची असते. तो तुकडा गरम पाण्यात नीट धुऊन पुन्हा तपासावा.

पचनाचा प्रश्नही येथेच सुटतो. आपल्या लाळेतील आणि स्वादुपिंडातील अमायलेज हे विकर अल्फा जोडणीच्या आकाराला जुळते आणि ती तोडते. बीटा जोडणी तोडणारे सेल्युलेज आपले शरीर तयारच करत नाही. गाय-म्हैसही ते स्वतः तयार करत नाहीत. त्यांच्या पोटात राहणारे सूक्ष्मजीव ते काम करतात, म्हणून कडब्यावर जनावर जगते आणि त्याच ताटावर आलेल्या ज्वारीवर आपण.

स्टार्चमध्येही दोन प्रकार असतात. अमायलोज ही जवळजवळ बिनफांद्यांची साखळी, आणि अमायलोपेक्टिनला दर २४ ते ३० ग्लुकोजमागे पहिल्या आणि सहाव्या कार्बनच्या जोडणीने फांदी फुटलेली असते. अमायलोज कमी असलेला तांदूळ शिजल्यावर चिकट होतो, जास्त असलेला मोकळा राहतो. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नसते, म्हणून भाकरीसाठी पीठ कढत पाण्यात भिजवतात. स्टार्चचे कण त्या पाण्याने फुगतात, त्यांतील काही साखळ्या बाहेर येतात आणि पीठ धरून ठेवतात. रात्रीची भाकरी सकाळी कडक लागते, कारण थंड झाल्यावर त्याच साखळ्या पुन्हा जवळ येऊन रचल्या जातात.

पाऊलवाट

चर्चा वाचून एक विचारावेसे वाटले. माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि त्यांना साखरेऐवजी गूळ चालतो, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात काही तथ्य आहे का?

कृष्णाकाठ

दादा, गुळात ६५ ते ८५ टक्के सुक्रोजच असते. उरलेल्यात सुटे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, थोडे पाणी आणि खनिजे असतात. लहान आतड्यात सुक्रोजचा बंध सुक्रेज हे विकर तोडते, मग तो साखरेतून आला की गुळातून याने काही फरक पडत नाही, आणि गुळातील ग्लुकोजचा काही भाग तर आधीच सुटा झालेला असतो. खनिजे आहेत, पण तेवढ्यासाठी रक्तातील साखर वाढू देणे योग्य नव्हे. वडिलांच्या आहाराबाबत त्यांच्या डॉक्टरांचेच ऐकावे, ही कळकळीची विनंती.

शेवंती

मुलीचा शेवटचा एक प्रश्न. दुधातील साखर बेनेडिक्टची चाचणी देईल का?

परीक्षानळी

देईल, आणि हा प्रयोग तिने अवश्य करावा. दुधातील लॅक्टोजमध्ये गॅलॅक्टोजचा पहिला कार्बन ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनशी बीटा जोडणीने बांधलेला असतो. सुक्रोजमध्ये दोन्ही बाजूंचे मोक्याचे कार्बन गुंतलेले होते, येथे ग्लुकोजचा पहिला कार्बन मोकळाच आहे, त्यामुळे त्याचे कडे उघडू शकते. ही बीटा जोडणी तोडणारे लॅक्टेज विकर तान्ह्या बाळाच्या आतड्यात भरपूर असते, पण अनेकांमध्ये वय वाढते तसे ते घटते, आणि अशा मोठ्या माणसांना दूध पचत नाही.

दूध थेट वापरू नये, कारण त्यातील प्रथिनांमुळे साका गढूळ दिसतो आणि रंग ओळखू येत नाही. पाव कप गाईच्या गरम दुधात थोडे पांढरे व्हिनेगर घालून ते नासवावे. लिंबू येथेही नको. स्वच्छ फडक्यातून चोथा गाळून काढावा, खाली आलेल्या हिरवट-पिवळ्या पाण्यात फेस थांबेपर्यंत सोडा घालावा, आणि त्यातील दोन मिलिलिटर पाणी पाच मिलिलिटर बेनेडिक्ट द्रावणात घालून परीक्षानळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावी. शेजारी दुसऱ्या नळीत केवळ व्हिनेगर आणि सोडा यांचे मिश्रण घेऊन तीच चाचणी करावी. ती नळी निळी राहिली आणि पहिलीत नारिंगी किंवा विटकरी रंग आला, तर तो लॅक्टोजचाच आहे असे वहीत लिहायला हरकत नाही.